दुकानदार जोतीराव नगरपालिकेत

महात्मा जोतीराव फुले यांनी शाळा काढल्या हे सर्वांना माहीत आहे. पण ते दुकानदार होते आणि पुण्याच्या नगरपालिकेचे सभासदही होते, हे मला गुरुजींनी सांगितले. माझ्या बाबांचेही किराणा दुकान आहे. म्हणून मला लई आनंद झाला.

जोतीरावांचा जन्म १८२७ साली झाला. लहानपणीच त्यांची आई वारली. लोकांचे ऐकून वडील गोविंदरावांनी त्यांना शाळेतून काढले व मळ्यात कामाला लावले. पण शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी वडिलांना समजावले. मग १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत गेले.

१८४८ साली त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. पोटापाण्यासाठी जोतीराव धंदा करीत. धातू ओतण्याचे साहित्य विकण्याचे त्यांचे दुकान होते. ते बांधकामाची कंत्राटेही घेत.

१८७६ साली सरकारने त्यांना नगरपालिकेवर नेमले. तेव्हा लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होता. तो पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चायचे ठरले. जोतीराव म्हणाले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा. बाकी सारे सभासद एका बाजूला आणि जोतीराव एकटे दुसऱ्या बाजूला! तरी ते भ्याले नाहीत. १८८० साली दारूची दुकाने वाढली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेच्या अध्यक्षांना विरोधाचे पत्र लिहिले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते वारले.

मी बाबांना विचारले, "बाबा, दुकानदार एवढं करू शकतो का?" बाबा म्हणाले, "हिशेब ज्याला येतो, त्याला पैसा कुठं वाया चाललाय ते लवकर कळतं."

आमची ताई सातवीत आहे. हायस्कूल लांब आहे, म्हणून पुढल्या साली तिची शाळा बंद करायचं घरी बोलायलेत. ताई काही बोलत नाही, गुपचूप भाकरी थापते. गोविंदरावांना शेजाऱ्यांनी समजावले म्हणून जोतीराव शिकले. हे भित्तीपत्रक वाचायला आलेल्या काका-मामांनो, तुम्ही आमचे शेजारीच आहात. आमच्या बाबांना तेवढं सांगा.

— इयत्ता ४ थी