गाव तेच, पत्ता नवा

मुलांनो, हिंगोली हे कयाधू नदीकाठचे जुने गाव आहे. निजामाच्या काळी येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. कचेरीचे कामकाज उर्दूत चाले.

१९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली हे गाव मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा हिंगोली जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही. पत्ता मात्र बदलला. कचेरीत मराठी आली. पण तहसील, अर्ज, जमीन हे शब्द राहिले.

तुम्हाला उर्दू येते, मराठीही शिकत आहात. आजोबांच्या पेटीतला जुना कागद आणि आजचा सातबारा, दोन्ही घरात कोण वाचून दाखवील? तुम्हीच!

शोधा : उर्दू व मराठीत सारखे असलेले पाच शब्द लिहा.