जीर्णोद्धार एका खेळपटाचा

‘जीर्णोद्धार’ हा शब्द आपण सहसा देवळाच्या संदर्भात वापरतो आणि तो ऐकताच मनासमोर दोन चित्रे उभी राहतात. एक, पडायला आलेली भिंत सावरून उभी केल्याचे. दुसरे, काळ्या दगडाच्या कोरीव खांबांवर निळा-गुलाबी ऑइलपेंट फासल्याचे. दोन्ही कामे श्रद्धेनेच केलेली असतात. पण पहिल्यात जुने टिकते आणि दुसऱ्यात ते झाकले जाते. हा फरक नेमका कोठे पडतो, याचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात एक दूरचे आणि वरवर पोरकट वाटणारे उदाहरण घेतले आहे. ते म्हणजे अमेरिकेतील जुन्या पिनबॉल यंत्राचा रंगवलेला, झिजलेला पट. चित्रकलेच्या विद्यार्थ्याला त्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पट कसा घडतो

पिनबॉल हे नाणे टाकून खेळावयाचे यंत्र. चार पायांवर उभी, वरून काचेने झाकलेली, खेळाडूच्या बाजूला उतरती अशी एक पेटी. काचेखाली खुंट्या, त्यांना ताणून बसवलेली रबरे, स्पर्श होताच विजेच्या जोराने गोटीला उडवणारे बंपर आणि लहान लहान दिवे. दट्ट्या ओढून सोडला की पोलादी गोटी वर जाते आणि अडथळ्यांवर आपटत, गुण मिळवीत खाली घरंगळते. शिकागोच्या गॉटलीब कंपनीचे ‘बॅफल बॉल’ हे यंत्र १९३१ साली आले आणि मंदीच्या त्या दिवसांत हा स्वस्त खेळ झपाट्याने पसरला. १९४७ साली त्याच कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात हॅरी मॅब्स या रचनाकाराने फ्लिपर बसवले. फ्लिपर म्हणजे बटण दाबताच गोटीला परत वर फटकारणारी छोटी दांडी. तिच्यामुळे दैवाच्या खेळात हातोटीला जागा मिळाली. तरीही जुगाराचा शिक्का लवकर पुसला गेला नाही. न्यूयॉर्क शहरात १९४२ पासून १९७६ पर्यंत पिनबॉलवर बंदी होती आणि सुरुवातीला जप्त केलेली यंत्रे हातोड्यांनी फोडण्यात आली.

गोटी ज्या फळीवरून धावते तो हा पट. १९६०च्या दशकातील एखादा पट डोळ्यांसमोर आणू. सुमारे २० इंच रुंद, ४२ इंच लांब आणि अर्ध्या इंचाच्या आसपास जाडीचे प्लायवूड, वरचा पापुद्रा मेपल लाकडाचा. खालच्या दिव्यांचा उजेड वर यावा म्हणून त्यात खाचा पाडून रंगीत पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्या चिकटवीत आणि त्या पृष्ठभागाशी समतल करीत. मग सिल्क-स्क्रीन पद्धतीने एकेक सपाट रंग छापला जाई, त्यावर काळ्या रेषा येत आणि सर्वांत वर लॅकरचा पातळ पारदर्शक थर. यंत्राने काही वर्षे नाणी मिळवून दिली की त्याचे काम संपले, असाच हिशेब असे. त्यामुळे थर जाड देण्याचे कारण नव्हते. ‘हम्प्टी डम्प्टी’ची चित्रे रॉय पार्कर या चित्रकाराची. पुढे १९६०च्या दशकातही गॉटलीबची यंत्रे त्याने सजवली. पण चित्रकाराचे नाव यंत्रावर छापण्याची तेव्हा प्रथा नव्हती.

झीज कशी होते

आपल्या कॅरमच्या फळीवर सोंगटी सपाट घसरते आणि आपण पावडर टाकून घर्षण कमी करतो. पिनबॉलची गोटी सुमारे २७ मिलिमीटर व्यासाची आणि ८० ग्रॅम वजनाची असते. तिचा सारा भार एका बिंदूवर पडतो. गोटी गुळगुळीत असेपर्यंत नुकसान हळू होते. तिच्यावर गंजाचे बारीक खड्डे पडले की ती फिरता पॉलिश पेपरच बनते. धूळ, धातूचा कीस आणि साचलेले जुने मेण यांचा काळा राप गोटी स्वतःच पटात दाबत नेते. आधी लॅकर जाते, मग रंग, मग लाकूड करडे पडते.

ही झीज सर्वत्र सारखी नसते. फ्लिपरांच्या तोंडाशी, बंपरांच्या भोवती आणि गोटीला धरून पुन्हा बाहेर फेकणाऱ्या खळग्यांच्या कडेला ती सर्वांत खोल असते. गोटी कोठे पडत होती आणि खेळणारे तिला कोणत्या लक्ष्याकडे पुन्हा पुन्हा मारीत होते, हे तिच्या खुणांवरून वाचता येते. दुसरा दोष चकत्यांचा. दिव्याच्या उष्णतेने आणि सरस सुटल्याने चकती वर येते किंवा खाली बसते. तिच्या कडेवर गोटी आपटत राहते आणि भोवतीची काळी रेषा वर्तुळाकार उडून जाते. तिसरा दोष हवामानाचा : लाकूड ओलाव्याने फुगते व सुकल्यावर आक्रसते, त्यामुळे रंगात लाकडाच्या तंतूंच्या दिशेने बारीक उभ्या भेगा पडतात.

नोंद, सफाई आणि समतलता

पहिले काम ब्रशाचे नसून नोंदीचे आहे. पटाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावी लागतात. मग त्यावर पारदर्शक फिल्म पसरून उरलेल्या प्रत्येक रेषेचा माग काढून ठेवावा लागतो. खुंट्या, रबरे, स्क्रू एकेक काढून चिठ्ठी लावलेल्या पिशव्यांत ठेवतात. हे भाग काढताच एक लाभ होतो. त्यांच्याखाली झाकलेला रंग पुष्कळदा मूळच्या तजेल्यात सापडतो, आणि रंग जुळवण्यासाठी याहून चांगला साक्षीदार नाही.

सफाईला पाणी वापरू नये. उघड्या लाकडाने पाणी प्याले की तंतू फुगून उठतात आणि शेजारचा शाबूत रंग उचलतात. सौम्य द्रावक म्हणून प्रथम नॅफ्था वापरतात. त्याने मेण व तेलकटपणा निघतो. लाकडात मुरलेला काळेपणा त्याने निघत नाही. त्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मेलामाइनचा बारीक खरखरीत स्पंज लागतो. मात्र अल्कोहोल जुन्या लॅकरलाही मऊ करते आणि हा स्पंज लॅकर खरवडतो. म्हणून झाकणाखालच्या एखाद्या कोपऱ्यात आधी प्रयोग करावयाचा, आणि कापडावर पटाचा रंग दिसू लागताच थांबावयाचे. उत्साहाच्या भरात या पायरीवर जेवढा मूळ रंग जातो, तेवढा कित्येक वर्षांच्या खेळानेही जात नाही.

त्यानंतर चकत्या. सुटलेली चकती हलक्या उष्णतेने सैल करून, सपाट ठोकळा व शिकंजा लावून पटाशी समतल आणतात आणि इपॉक्सीने पुन्हा चिकटवतात. हे काम रंगाच्या आधीच व्हावे लागते, कारण असमतल पटावर दिलेला कोणताही रंग पहिल्या काही खेळांतच पुन्हा उडेल.

रंग जुळवणे

आता जुन्या रंगावर आणि उघड्या लाकडावर पारदर्शक द्रव्याचा एक पातळ थर देतात. या थराची दोन कामे. तो सुटू पाहणारा मूळ रंग धरून ठेवतो. शिवाय नवा रंग या थराच्या वर बसत असल्याने चूक झाली तर ती पुसता येते आणि खालचे मूळ तसेच राहते. जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले याची सीमा या थराने जपली जाते.

रंग जुळवताना पहिला प्रश्न येतो : कोणाशी जुळवायचा? खुंटीखालचा रंग मूळचा आहे खरा. पण त्याच्या शेजारचा रंग उजेडाने फिकटलेला आणि पिवळावलेल्या लॅकरखाली दिसणारा आहे. मूळच्या पांढऱ्याने ठिगळ लावले तर साऱ्या पटावर तेच डोळ्यांत भरेल. म्हणून संपूर्ण पट नव्याने रंगवायचा नसेल, तर शेजाऱ्याशीच जुळवून घेणे शहाणपणाचे. ॲक्रिलिक रंग वाळल्यावर बहुधा गडद होतो. तेव्हा नमुना वाळवून, त्यावर नॅफ्था फिरवून ओला असतानाचा रंग पाहतात, म्हणजे वार्निशाखाली तो कसा दिसेल याचा अंदाज येतो. आणखी एक मेख आहे. वेगवेगळ्या रंगद्रव्यांचे दोन रंग दिवसाच्या उजेडात एकसारखे दिसले, तरी पिवळसर दिव्याखाली निराळे दिसू शकतात. पिनबॉलचा पट दिव्यांनीच उजळतो, म्हणून दोन्ही उजेडांत खात्री करून घ्यावी.

छपाईतील रंग सपाट असतो, त्यात ब्रशाचा फटकारा नसतो. त्यामुळे मोठे भाग मास्किंग फिल्म कापून एअरब्रशने भरतात. काळ्या रेषा बारीक ब्रशाने वा रूलिंग पेनने ओढतात. येथे सुशिक्षित हाताला मोह आवरावा लागतो. सिल्क-स्क्रीनच्या छपाईत दोन रंगांचे जोड अनेकदा किंचित चुकलेले असतात. कोठे पांढरी फट राहते, कोठे काळी रेषा रंगावर चढते. ती चूक सुधारणे म्हणजे त्या छापखान्याचा हात पुसून टाकणे होय.

शेवटचा थर : खरी अडचण

१९३९ साली रोम येथे स्थापन झालेल्या कलाजतन-संस्थेचे पहिले संचालक चेझारे ब्रांदी यांनी १९६३ साली आपला जीर्णोद्धाराचा सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. नवी भर दुरून एकजीव वाटावी पण जवळून ओळखू यावी, आणि पुढच्या पिढीच्या कामाला तिने अडथळा करू नये, अशी त्यातील भूमिका आहे. याच विचारातून भित्तिचित्रांतील रिकाम्या जागा बारीक उभ्या रेषांनी भरण्याची पद्धत रोममध्ये रूढ झाली. पण भित्तिचित्रावर कोणी पोलादी गोटी सोडत नाही. पटाला वरून कठीण कवच हवेच, आणि जे कवच गोटीला दाद देत नाही ते जतनकर्त्यालाही दाद देत नाही.

मोटारींसाठी वापरले जाणारे दोन घटकांचे पॉलियुरेथेन आज या कामी सर्रास वापरतात. ते फवारून, वाळवून, घासून, चकाकी आणली की पट काचेसारखा दिसतो. पण खालच्या रंगाला इजा न करता ते पुन्हा काढणे जवळजवळ अशक्य असते. शिवाय त्यातील आयसोसायनेटच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा आणि बंदिस्त फवारणीकक्ष नसेल, तर हौशी माणसाने या वाटेला जाऊच नये. खेळातही फरक पडतो. जुन्या यंत्रांचा पट जेमतेम साडेतीन अंश उतरता ठेवीत. अतिगुळगुळीत कवचावर गोटी रचनाकाराच्या अपेक्षेहून वेगळी धावते.

थर उलटवता येत नाही तेव्हा काय होते, याचा धडा आपल्या घरचाच आहे. अजिंठ्याच्या चित्रांची डागडुजी करण्यासाठी निजाम सरकारने १९२०-२२ मध्ये इटलीहून लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावले. त्यांनी रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचे वार्निश दिले. हेतू चांगलाच होता आणि सुटू पाहणारा रंग त्याने धरलाही. पण ते वार्निश काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडले आणि पुढे ते काढण्याचे किचकट काम पुरातत्त्व खात्याला करीत बसावे लागले. आजचे कवच अजून कित्येक वर्षांनी कसे दिसेल, हे आपणही छातीठोकपणे सांगू नये.

किती करावे?

अशा वेळी तीन वाटा उरतात. पटाचा बहुतांश रंग शाबूत असेल तर सफाई, चकत्यांची दुरुस्ती, उघड्या लाकडाचे संरक्षण, मेणाचा हात आणि नवी गोटी एवढेच पुरे. झीज दिसू द्यावी. रंग ठिकठिकाणी गेला असेल पण रेषांवरून रचना वाचता येत असेल, तर नोंद ठेवून, मधला थर देऊन तेवढेच भाग भरावे आणि मगच कवचाचा विचार करावा. रचनाच हरवली असेल तर नव्याने छापलेला पट यंत्रात बसवावा आणि जुना तसाच जपून ठेवावा. तो खेळता आला नाही तरी पार्करसारख्याच्या रेषेचा पुरावा म्हणून उरेल.

कोणी म्हणेल, मग यंत्र काचेआड ठेवूनच का देऊ नये? पण न खेळलेले पिनबॉल म्हणजे नुसती फळी. लास व्हेगासच्या पिनबॉल संग्रहालयात यंत्रे पाहावयाची नसून नाणे टाकून खेळावयाची असतात, ते याचसाठी. ज्या खेळाने पट झिजतो त्या खेळासाठीच तो घडवला होता. म्हणून झीज पूर्ण थांबवणे हे या जीर्णोद्धाराचे ध्येय असू शकत नाही. पुढची झीज नव्या रंगाला आणि कवचाला सोसू द्यावी आणि मूळ रंग तिच्याखाली सुरक्षित राहावा, एवढेच जतन करणाऱ्याच्या हाती आहे. देवळाच्या खांबांवर ऑइलपेंट फासणाऱ्याने दगड आणि रंग यांच्यातली नेमकी हीच सीमा पाहिलेली नसते.