भाषा येणे आणि भाषा कळणे

भाषाविज्ञान हा विषय घेतला आहे असे सांगितले की ऐकणारा बहुधा एकच प्रश्न विचारतो, "मग तुला किती भाषा येतात?" वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला "तुझ्या अंगणात झाडे किती?" असे कोणी विचारत नाही. तरीही हा प्रश्न अगदीच अस्थानी आहे असे मला वाटत नाही. भाषा येणे आणि भाषा कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरेच. परंतु गेली दोन वर्षे मराठी या विशेष विषयाबरोबर भाषाविज्ञानाचा अभ्यास करताना, आणि त्याच काळात वसतिगृहातील एका मैत्रिणीकडून कन्नड शिकताना, माझा अनुभव असा आहे की दुसरी भाषा येऊ लागली म्हणजे आपली भाषा कळू लागते. तो अनुभव काही उदाहरणांनी मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्या मराठीकडेच पाहू. 'चार' हा शब्द दोन वेळा मोठ्याने उच्चारून पाहावा. एकदा 'चार आंबे' यातला, आणि एकदा 'गुरांना चारा चार' यातला शेवटचा. लिहिताना अक्षर एकच, पण पहिल्या 'च'च्या वेळी जीभ टाळूकडे जाते, दुसऱ्याच्या वेळी दातांच्या मुळाशी. 'हे जग' आणि 'तू सुखाने जग' यांतील 'ज'चेही तसेच. केवळ या एका ध्वनीच्या भेदाने अर्थ बदलतो. म्हणून भाषाविज्ञानात अशा ध्वनींना स्वतंत्र 'स्वनिम' मानतात. गंमत पुढेच आहे. 'उंच' म्हणताना दातांकडचा 'च' येतो, आणि 'उंची' म्हणताना तोच टाळूकडे सरकतो. 'माझा' आणि 'माझी' यांतील 'झ' उच्चारून पाहिला तरी तेच आढळेल. पुढे 'इ' आली की हा बदल होतो, हा नियम आपण शाळेत जाण्यापूर्वीपासून पाळत आलो आहोत. तो आपल्याला कोणी शिकविला नाही, आणि विचारले तर सांगताही येत नाही. मराठी 'येते' ती अशी.

माझी मैत्रीण कलबुर्गीची. ती मराठी शिकू लागली तेव्हा 'चाक' आणि 'चहा' यांतील 'च' ती एकसारखाच म्हणे, आणि कोठे कोणता म्हणावा हे मला विचारी. मला उत्तर देता येईना. मग आम्ही दोघींनी वही केली. डावीकडे तिचे प्रश्न, उजवीकडे मला सुचलेली उत्तरे, आणि त्याखाली माझे कन्नडविषयीचे प्रश्न. त्या वहीने मला जे शिकविले ते प्रश्नोत्तरांच्या मार्गदर्शिकांनी शिकविले नाही.

तिचा पहिला मोठा प्रश्न लिंगाचा होता. "पंखा तो, खुर्ची ती, टेबल ते, हे ठरविले कोणी?" कन्नडमध्ये लिंग अर्थावरून ठरते. पुरुष असेल तर 'अवनु', स्त्री असेल तर 'अवळु', आणि नदी, झाड, पुस्तक, गाय ही सारी 'अदु'. तिच्या दृष्टीने खुर्ची स्त्रीलिंगी असणे ही एक विलक्षण कल्पना होती. मला मात्र तोवर त्यात विलक्षण काही दिसले नव्हते.

दुसरा प्रश्न क्रियापदाचा. 'त्याने आंबा खाल्ला', 'तिने आंबा खाल्ला', पण 'तिने पोळी खाल्ली'. येथे खाणारा कोण याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नाही. ते खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते. कन्नडमध्ये तो खाल्ला तर 'तिंदनु', ती खाल्ली तर 'तिंदळु'. फळ असो की भाकरी, क्रियापद कर्त्यालाच धरून राहते. 'कर्मणी प्रयोग' ही व्याख्या मी नववीपासून पाठ म्हणत आले होते. ती कशाची व्याख्या आहे हे मला या दोन वाक्यांत कळले.

एकदा ती मला म्हणाली, "चल, आम्ही जेवायला जाऊ." मी क्षणभर थांबले, कारण 'आम्ही' म्हटल्यावर मी त्यातून वगळले जाते. ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही' हा भेद आजच्या प्रमाण कन्नडमधील 'नावु' करीत नाही, हिंदीतील 'हम'ही करीत नाही. पण तेलुगूत 'मनमु' आणि 'मेमु' असा तो भेद आहे, तमिळमध्येही आहे. मराठीतील हा भेद द्राविडी भाषांच्या शेजारातून आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या सर्वनामाला मी अस्सल घरचे समजत होते, त्याच्या घडणीत शेजाऱ्याचाही हात असावा.

भेदांइतकीच साम्येही या वहीत निघाली. 'मला कन्नड येते' याला कन्नडमध्ये 'ननगे कन्नड बरुत्तदे' म्हणतात. 'ननगे' म्हणजे 'मला', आणि 'बरुत्तदे' म्हणजे 'येते'. भाषा माणसाकडे चालत येते, ही कल्पना दोन्हीकडे तीच, हिंदीतही तीच. इंग्रजीत मात्र माणूस भाषा 'जाणतो'. तसेच 'येतो म्हणून सांगितले' यातील 'म्हणून'. कन्नड बोलीत 'बर्तीनि अंत हेळिद' असे म्हणतात. 'अंत' हा 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला, आणि त्याची जागाही तीच. मराठी भारतीय-आर्य कुळातली, कन्नड द्राविडी कुळातली. कुळे वेगळी, पण वाक्याची ठेवण पुष्कळ ठिकाणी एक. कुळाने दूरच्या भाषा शेजाराने जवळ येतात आणि त्यांचे एक भाषिक क्षेत्र बनते, हा विचार एमेनो यांनी १९५६ साली भारताच्या संदर्भात मांडला. तो वर्गात ऐकला होता; वहीत तो दिसला.

या शेजाराचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्याच राज्यातले आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सांगलीजवळच्या कुपवाड गावाचा भाषिक अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केला. तेव्हा सुमारे ३००० वस्तीच्या त्या गावात मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा होत्या, आणि बहुतेक पुरुष रोजच्या व्यवहारात एकीहून अधिक भाषा वापरीत. शतकानुशतकांच्या या सहवासात तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की एकीतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. माणसाव्यतिरिक्त इतर नामांचे लिंगही तिथल्या मराठीत कन्नडच्या वळणावर गेले होते. मात्र शब्द वेगळेच राहिले, कारण घरची भाषा ही त्या त्या समाजाची ओळख होती. व्याकरण मिसळले, पण ओळख मिसळली नाही. जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत हे गाव शिकविले जाते. आणि आपण मात्र सांगलीला उतरून पुढे जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. आमच्या सोलापूर जिल्ह्यात पाऊस 'पडतो आहे' असे नसते, पाऊस 'पडायलाय'. शाळेच्या वहीत हे रूप आले की त्याखाली तांबडी रेघ असे. शहरात आल्यावर रेघेची जागा हशाने घेतली. पहिले काही महिने मी बोलण्यापूर्वी प्रत्येक वाक्य मनात तपासून घेई, आणि त्यामुळे पुष्कळदा बोलतच नसे. ही माझ्या एकटीची कथा नव्हे. उत्तर येत असूनही मागच्या बाकावर गप्प बसणारी किती तरी मुले-मुली आपल्या प्रत्येक वर्गात आहेत, आणि त्यांच्या गप्प बसण्याचे कारण अभ्यासात नसून उच्चारात असते.

कन्नडच्या क्रियापदांचे तक्ते करता करता मी एक दिवस या 'पडायलाय'चाच तक्ता केला. पोरगा रडायलाय, पोरगी रडायलीय, पोरगं रडायलंय, पोरं खेळायल्यात. लिंग आणि वचन जागच्या जागी. मग वापर तपासला. माझी आजी 'सूर्य पूर्वेला उगवतो' असेच म्हणते. 'उगवायलाय' ती तेव्हाच म्हणेल, जेव्हा तो डोळ्यांसमोर वर येत असेल. 'रोज पाऊस पडतो' आणि 'आत्ता पाऊस पडायलाय' यांत ती कधी घोटाळा करीत नाही. म्हणजे चालू क्रिया आणि नेहमीची क्रिया यांतील भेद हे रूप काटेकोरपणे सांभाळते. ज्याला नियम आहे आणि जो नियम सारे गाव न चुकता पाळते, त्याला अशुद्ध कोणत्या आधाराने म्हणावे? जीभ आणि टाळू यांचा नियम जसा आपण नकळत पाळतो, तसाच आजी हा पाळते.

याचा अर्थ प्रमाणभाषा नको असा मुळीच नाही. हा लेखही मी प्रमाणभाषेतच लिहिते आहे. निरनिराळ्या जिल्ह्यांच्या माणसांना एकमेकांचे लिहिलेले वाचता यावे म्हणून अशी भाषा हवीच. पण ती आकाशातून पडलेली नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. छापखाना, शाळा आणि सरकारी कामकाज यांनी पुण्याकडील सुशिक्षितांच्या बोलीला हे स्थान दिले. तिचा मान इतिहासाने आलेला आहे, व्याकरणाच्या श्रेष्ठतेने नव्हे. एवढे ध्यानात आले की प्रमाणभाषा आत्मसात करताना घरची बोली टाकून देण्याची गरज उरत नाही. दोन भाषा येणाऱ्याला जसे कोणी अशुद्ध म्हणत नाही, तसेच दोन बोली येणाऱ्याचे.

आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्यातील बोलींचे पुष्कळसे नमुने म्हणजे बायबलातील उधळ्या मुलाच्या गोष्टीची त्या त्या बोलीत केलेली भाषांतरे आहेत. अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण केले, त्यात गावोगावच्या माणसांचे स्वतःचे बोलणे ध्वनिमुद्रित झाले. आपण तर त्या घरांतच वाढलो आहोत. सुटीत गावी गेल्यावर आजी-आजोबांच्या तोंडची वीस वाक्ये जशीच्या तशी उतरून घ्यावीत. बोलणाऱ्याचे वय, गाव आणि दिनांक शेजारी लिहावा. आणि 'हे बरोबर आहे का?' असे न विचारता 'हे केव्हा म्हणतात, केव्हा म्हणत नाहीत?' असे विचारावे. जोडीला शेजारची एक भाषा शिकावी. नागपूरकडच्यांनी गोंडी, नांदेडकडच्यांनी तेलुगू, नंदुरबारकडच्यांनी भिली. परदेशी भाषा शिकायला पैसे आणि वर्ग लागतात; या भाषा शिकायला एक मैत्री आणि एक वही पुरते.

ज्यांना सुरुवात कशी करावी असा प्रश्न पडेल त्यांनी ना. गो. कालेलकर यांचे 'भाषा : इतिहास आणि भूगोल' वाचावे. १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले हे पुस्तक मराठीतून भाषाविज्ञानाकडे जाण्याची चांगली वाट आहे.

आपल्या प्राध्यापकांना माझी एकच विनंती आहे. वहीतील 'पडायलाय'वर रेघ जरूर मारावी, कारण परीक्षेत ते रूप चालणार नाही. पण समासात तेवढेच लिहावे की, 'हे तुमच्याकडचे रूप. प्रमाणभाषेत पडतो आहे.' मागच्या बाकावरून एखादा आवाज नक्की ऐकू येईल.