जुना गेम खिडकीत कसा चालवावा?

प्रश्न : माझ्याकडे ‘डायब्लो २’ची मूळ सीडी आहे. नव्या लॅपटॉपवर गेम सुरू होतो, पण पूर्ण पडदा व्यापतो. मध्येच दुसरे काम उघडून परत आले, की रंग बिघडतात. तो खिडकीत चालवता येईल का?

उत्तर : नक्की येईल, आणि त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. २००० साली आलेला हा गेम २५६ रंगांत चालतो. पूर्ण पडद्यावर तो स्क्रीनची मांडणीच बदलून टाकतो. दुसरा प्रोग्रॅम पुढे आला, की ती मांडणी मोडते आणि रंग बिघडतात.

गेमच्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘टार्गेट’च्या चौकटीत शेवटच्या अवतरणचिन्हानंतर एक जागा सोडा, मग उणे चिन्ह आणि त्याला चिकटून लहान इंग्रजी डब्ल्यू लिहा. ‘ओके’ करून याच शॉर्टकटवरून गेम सुरू करा.

खिडकी लहान दिसेल. मूळ गेम ६४० बाय ४८०चा आहे. २००१च्या ‘लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन’ या जोडभागात ८०० बाय ६०० मिळते. खिडकी मोठी हवी असल्यास ‘सीएनसी-डीड्रॉ’ हा मोफत प्रोग्रॅम गेमच्या फोल्डरमध्ये टाका. तो चित्र ताणून मोठे करतो आणि रंगही सांभाळतो. मात्र तो त्याच्या अधिकृत पानावरूनच उतरवून घ्या आणि आधी सेव्ह फाइल्सची प्रत काढून ठेवा. वर्षानुवर्षे वाढवलेले पात्र पुन्हा मिळत नाही.