निगेटिव्हचे वाचन

१९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र एका फिरत्या दंडगोलावर बसवून संगणकात उतरविले. ते चित्र आडवे १७६ व उभे १७६ अशा बिंदूंचे होते. ते यंत्र प्रत्येक बिंदूविषयी एवढेच सांगू शके, की तो काळा आहे किंवा पांढरा आहे. मधल्या करड्या छटा मिळविण्यासाठी ‘कोठपर्यंत काळे म्हणावयाचे’ ही मर्यादा बदलून तेच चित्र पुन्हा पुन्हा वाचावे लागले. आजचे स्कॅनर कितीतरी पुढे गेले असले, तरी त्या पहिल्या प्रयोगातील धडा अद्याप खरा आहे. स्कॅन म्हणजे चित्राची नक्कल नव्हे. ते चित्राचे एक वाचन आहे, आणि काय वाचावयाचे हे कोणीतरी ठरवीत असते.

मी हौशी छायाचित्रकार आहे. फिल्मवर छायाचित्रे घेतो, कृष्णधवल रोल घरीच धुतो. परंतु एन्लार्जर व डार्करूम यांची सोय नसल्याने पुढचे काम स्कॅनर आणि छपाईयंत्र यांवर करतो. या वाटेवर जे शिकावयास मिळाले, ते आपल्या महाविद्यालयातील छायाचित्रणप्रेमी मित्रांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पहिला प्रश्न बारकाईचा. ३५ मिलिमीटर फिल्मवरील एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असते. एका इंचात ४००० बिंदू या प्रमाणात ती वाचली, तर सुमारे ५६७० बाय ३७८० बिंदू मिळतात. कागदावर इंचाला ३०० बिंदू धरले, तर साधारण १९ बाय साडेबारा इंचांची प्रिंट निघते. इंचाला २४०० बिंदू घेतले, तर हीच प्रिंट सव्वाअकरा बाय साडेसात इंचांवर येते. हा हिशेब सोपा आहे. परंतु स्कॅनरच्या खोक्यावर छापलेल्या आकड्यावर तो करू नये. साध्या सपाट स्कॅनरच्या खोक्यावर ६४०० असा आकडा असला, तरी त्याचे भिंग प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी बारकावे टिपते. उरलेल्या बिंदूंनी केवळ फाईलचा आकार फुगतो. म्हणून ३५ मिलिमीटरसाठी खास फिल्म-स्कॅनर, किंवा मॅक्रो भिंग लावलेला डिजिटल कॅमेरा आणि खाली एकसारखा पांढरा प्रकाश, ही योजना अधिक बरी. १२० च्या मोठ्या निगेटिव्हला मात्र सपाट स्कॅनरही चांगली साथ देतो.

दुसरा प्रश्न छटांचा, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा. आठ बिटांच्या फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, सोळा बिटांच्या फाईलमध्ये ६५,५३६. डोळ्याला एवढ्या पायऱ्या दिसत नाहीत हे खरे. तथापि निगेटिव्हमधील छटांचा पल्ला आखूड असतो आणि स्कॅननंतर आपण तो ताणतो. मुळात पायऱ्या थोड्या असल्या, तर ताणताना त्यांच्यात भेगा पडतात. आकाशात पट्टे दिसू लागतात. यासाठी स्कॅन सोळा बिटांत करावा, आणि तो सपाट, मिळमिळीत दिसला तरी चालेल. काळ्या व पांढऱ्या दोन्ही टोकांना थोडी जागा राखावी. चित्र उठावदार करण्याचे काम मागाहून करता येते, पण टोकाला कापली गेलेली छटा त्या फाईलमध्ये पुन्हा येत नाही.

हे एका उदाहरणाने सांगतो. मिरकरवाडा बंदरावर घेतलेल्या माझ्या एका निगेटिव्हचा प्रयोगशाळेने दिलेला स्कॅन आणि मी घरी केलेला स्कॅन शेजारी शेजारी ठेवून पाहिले. प्रयोगशाळेच्या स्कॅनमध्ये आकाश कोरे पांढरे होते. माझ्या स्कॅनमध्ये त्याच आकाशात ढगांचे थर होते. निगेटिव्ह एकच! उजेडाचा भाग निगेटिव्हवर दाट उमटतो. त्या दाट भागात माहिती होती, परंतु घाईच्या यंत्राने ती वाचली नव्हती. सावलीचे मात्र उलट आहे. छायाचित्र घेताना सावलीत पुरेसा प्रकाश पोहोचला नसेल, तर तेथे फिल्म जवळजवळ कोरी राहते. कोणताही स्कॅनर तेथून काही काढू शकत नाही. यास्तव निगेटिव्ह फिल्मवर सावलीचे माप घेऊन प्रकाश द्यावा, हा जुना नियम स्कॅनिंगच्या काळातही तसाच लागू आहे.

आणखी एक सूचना. अनेक स्कॅनर अवरक्त किरणांच्या साह्याने धूळ आणि ओरखडे ओळखून पुसतात. रंगीत फिल्ममधील रंगद्रव्यांतून हे किरण पार जातात व धुळीपाशी अडतात, म्हणून ही युक्ती साधते. नेहमीच्या कृष्णधवल फिल्ममधील चांदी मात्र हे किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते. तेथे ही सोय बंद ठेवावी; मऊ ब्रश आणि धीर हीच साधने.

आता जुन्या निगेटिव्हविषयी. १९७४ साली आमच्या घरी लग्न होते. आजोबांनी आगफा क्लिक थ्री या कॅमेऱ्यावर त्याची काही छायाचित्रे घेतली होती. अल्बममध्ये त्यांच्या निगेटिव्हएवढ्याच लहान प्रिंट चिकटवलेल्या आहेत. एका प्रिंटमध्ये अंगणात पाहुणे उभे आहेत आणि मागे माजघराचे दार नुसते काळे दिसते. त्या निगेटिव्हचा स्कॅन मी केला तेव्हा त्या दारात एक व्यक्ती उभी असल्याचे दिसले. बाबांनी तिला ओळखले. ती माझी पणजी. विधवा असल्यामुळे मंगलकार्यात ती मागेच राहिली असावी, असे ते म्हणाले. तिचे दुसरे छायाचित्र आमच्या घरात नाही.

निगेटिव्हमध्ये ती पन्नास वर्षे होती. प्रिंट करणाऱ्याने ते दार गडद छापले, एवढेच. त्याचा दोष नाही. त्याला पाहुण्यांचे चेहरे नीट यावयास हवे होते. परंतु माझ्यापुढे प्रश्न पडला, की तिला किती उजळावयाचे? फार उजळले तर फिल्मचे कण वर येतात, चेहरा मोडतो, आणि ज्या उजेडात ती कधी उभी नव्हती त्या उजेडात ती उभी असल्याचा भास होतो. आजकाल चेहरा आपोआप ‘सुधारून’ देणाऱ्या संगणक-प्रणाली आहेत. त्यांनी नाकडोळे स्वच्छ केले असते खरे, पण ते नाकडोळे पणजीचे नसून प्रणालीने कल्पिलेले असते. मी तो मार्ग घेतला नाही. दार काळोखे ठेवून चेहरा ओळखू येईल एवढाच उजळला.

तिसरा टप्पा कागदाचा. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद केवळ परावर्तित करतो. म्हणून पडद्यावर ठीक दिसणारे चित्र कागदावर गडद येते. पडद्याचा उजेड कमी करावा, कागद व शाई यांच्या जोडीची रंगरूपरेषा म्हणजे प्रोफाइल वापरावी, आणि डार्करूममधील पट्टी-चाचणीची पद्धत येथेही पाळावी. पणजीच्या चित्राचा तेवढाच भाग मी पाच वेगवेगळ्या उजेडांत एका कागदावर छापून घेतला व दिवसाच्या प्रकाशात पाहून त्यातील दुसरा निवडला. प्रिंट टिकावयाची असेल तर रंजकद्रव्याची शाई आणि आम्लरहित कागद घ्यावा. विरघळणाऱ्या रंगांची शाई सामान्यतः लवकर फिकी पडते.

प्रसिद्ध छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हे तरुणपणी पियानोवादक होण्याच्या तयारीत होते. ते निगेटिव्हला संगीताच्या लिखित स्वरलिपीची आणि प्रिंटला तिच्या सादरीकरणाची उपमा देत. आपल्याकडे बंदिश आणि गायन यांचे नाते पाहिले, तर हे अधिक चांगले उमगते. बंदिश तीच, पण गाणाऱ्यागणिक आणि बैठकीगणिक तिचे रूप निराळे. मात्र एका बैठकीचे ध्वनिमुद्रण मिळाले म्हणून कोणी बंदिशीची वही रद्दीत घालीत नाही.

आज नेमके तेच घडत आहे. स्कॅन ई-मेलने आले, की पुष्कळजण प्रयोगशाळेतून निगेटिव्ह परत आणत नाहीत. घरोघरी जुनी पाकिटे ‘सगळे मोबाईलमध्ये आहे’ म्हणून फेकली जातात. कोकणच्या दमट हवेत निगेटिव्हवर बुरशी चढते, ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊन ती आक्रसते, हे सारे खरे. पण त्यावर उपाय आहेत. आम्लरहित कागदाची पाकिटे, सिलिका जेलची पुडी, हवाबंद डबा, आणि पावसाळ्यानंतर एकदा पाहणी. खर्च थोडा आहे.

वाचकमित्रांना एकच विनंती करतो. या सुटीत घरी गेल्यावर जुन्या पेट्यांतील निगेटिव्ह शोधाव्यात, खिडकीच्या उजेडात धरून पाहाव्यात आणि जमेल तशा स्कॅन कराव्यात. स्कॅन झाल्यावर त्या जपून परत ठेवाव्यात. आपण आज केलेले वाचन अखेरचे नाही. उद्या अधिक चांगले यंत्र येईल, अधिक जाणती नजर येईल. तिला वाचावयास मूळ शिल्लक असले पाहिजे.