आधी बिलबुक, मग विषय

एमबीएच्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी विषय घेतला होता, लघुउद्योगांची बिलं मोठ्या कंपन्यांकडे का अडकतात. चाकणच्या एका कंपनीतल्या खरेदी विभागाच्या साहेबांनी ‘या की, देऊ माहिती’ असं तोंडी सांगितलं होतं. सिनॉप्सिस मंजूर झाला आणि साहेबांची बदली झाली. नवे साहेब पुरवठादारांची यादीसुद्धा दाखवेनात. त्यांनाही दोष देता येत नाही. कोणाचे पैसे किती दिवस दाबून ठेवले, हे बाहेरच्या पोरीच्या हातात कोण देईल?

म्हणून आता विषय शोधणाऱ्यांना सांगते, सिनॉप्सिस टाकण्याआधी परवानगीचं पत्र घ्या. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह. कुठल्या काळातल्या कुठल्या नोंदी मिळणार आणि कंपनीचं नाव छापायचं की नाही, एवढं त्यात हवंच. पत्र मिळत नसेल तर विषय सोडा, नाहीतर माहितीची दुसरी वाट धरा.

मी वाट बदलली. २०२१ साली कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ताळेबंदाच्या टिपांमध्ये थकलेल्या देण्यांचं कोष्टक येतं आणि सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी त्यात वेगळी दाखवलेली असतात. शेअर बाजारात सूचिबद्ध असलेल्या कंपन्यांचे अहवाल फुकट मिळतात. पण कोष्टकाचा पहिलाच रकाना ‘देय तारखेपासून एक वर्षाच्या आत’ असा. महिनाभर उशीर आणि अकरा महिने उशीर एकाच खान्यात! नेमके दिवस हवे असतील तर पुरवठादाराच्या दारात जाण्यावाचून इलाज नाही.

भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांना मी प्रश्नावली दिली. ‘पेमेंट वेळेवर मिळतं’, या विधानाशी ते ‘सहमत’ होते. पुढच्या सगळ्या विधानांशीही सहमतच. कागद परत देताना हळूच म्हणाले, ‘ताई, हा कागद पार्टीकडे नाही ना जाणार?’ मग मी प्रश्नावली पिशवीत टाकली आणि शेवटची पाच बिलं दाखवता का, असं विचारलं. काकांनी ड्रॉवरमधून बिलबुक काढलं. प्रत्येक कार्बन कॉपीच्या कोपऱ्यात पैसे जमा झाल्याची तारीख पेन्सिलने लिहिलेली. सहमत असलेल्या काकांचं एकही बिल कायद्याच्या कमाल ४५ दिवसांच्या मुदतीत सुटलेलं नव्हतं.

मत विचारलं की माणूस सांभाळून बोलतो, तारीख विचारली की वही उघडतो. प्रबंध उभा राहिला तो या वह्यांवर. पाच पर्यायांची विधानं भरून त्यांची सरासरी काढण्याची आपल्याकडे इतकी सवय झाली आहे की गाईडही दुसरं काही मागत नाहीत. तसाच नमुन्याच्या आकाराचा तो ३८४चा आकडा. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के चूक धरून तो येतो, पण नमुना यादृच्छिक असेल तरच. व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म फिरवून ३८४ मित्र गोळा केले तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. त्यापेक्षा तीस कारखाने घ्या, कसे निवडले ते सरळ लिहा.

कोणाला घ्यायचं हेही आधी ठरवा. २००६च्या एमएसएमई विकास कायद्याचं उशिरा पेमेंटपासूनचं संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे, मध्यम उद्योगांना नाही. त्यामुळे भेटायला जाताना उद्यम प्रमाणपत्र पाहून घ्या. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकराचं ४३बी(एच) कलमही लागू झालं. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. आधीची आणि नंतरची बिलं एकाच ढिगात टाकली तर निष्कर्ष खिचडी होतो.

लिहायला बसाल तेव्हा प्रस्तावना शेवटी ठेवा. संशोधन पद्धतीचं प्रकरण वह्या पाहत असतानाच लिहून काढा, नंतर काही आठवत नाही. संदर्भ साहित्याचं प्रकरण फार वाढवू नका. उसनवारी सापडते ती बहुधा तिथेच.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी थेट परिशिष्ट उघडलं आणि विचारलं, ‘दिवस कुठून मोजलेत?’ बिलाच्या तारखेपासून नव्हे, माल पोचल्याच्या चलनावरच्या तारखेपासून, कारण कायदा माल स्वीकारल्याचा दिवस धरतो. खरेदीदाराने पंधरा दिवसांत लेखी तक्रार केली असेल, तर तिचं निवारण झाल्याचा दिवस. अशी चार बिलं होती, ती मी वेगळी काढली होती. त्यांनी ती चारही मागवून पाहिली.