हातांचे वय आणि क्रीमची ट्यूब

गेल्या महिन्यात मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात पन्नाशीच्या एक बाई आल्या. घरात मुलीचे लग्न. म्हणाल्या, “डॉक्टर, चेहऱ्याचे काहीतरी करता येते, पण हे हात कुठे लपवू?” हातांवरचे डाग जावेत म्हणून पाच महिने त्या एक क्रीम चोळत होत्या. आधी डाग फिके झाले. मग कातडी पातळ झाली, शिरा अधिकच वर आल्या, बांगडी घासली तरी काळेनिळे पडू लागले. ट्यूब पाहिली, तर तिच्यात मोमेटासोन हे स्टेरॉइड होते. दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेले!

वास्तविक 2018 सालापासून अशी स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई आहे. ती वाईट नाहीत. पण किती दिवस लावायची हे डॉक्टरांनी ठरवायचे असते.

हात लवकर वयस्कर का दिसतात? हाताच्या मागच्या बाजूची कातडी मुळात पातळ, तिच्याखाली चरबी थोडी. वयाबरोबर तीही घटते आणि शिरा, हाडे दिसू लागतात. डाग मात्र बहुतांशी उन्हाचे. त्यात साबण आणि भांड्यांची पावडर रोजचीच.

पार्लरमधल्या बिनलेबलच्या डबीपासून तर दूरच राहावे. 2023 साली अकोल्यातील एकाच घरातल्या तिघींना गोरेपणाचे क्रीम लावून मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा कातडीतून रक्तात जातो. चेहऱ्याला लावा की हाताला, धोका तोच.

मग उपचार नाहीत का? आहेत. डागांसाठी पील आणि लेसर, तर खोलगट झालेल्या हातांसाठी फिलरची इंजेक्शने. फिलरने शिरा झाकल्या जातात, पण परिणाम काही महिने ते वर्षभर टिकतो. पुन्हा खर्च आलाच. सूज येते, क्वचित गाठीही होतात. आपल्या सावळ्या कातडीवर लेसर चुकीच्या हाती पडला तर जुना डाग जाऊन नवा काळा डाग उमटतो. म्हणून हे काम त्वचारोगतज्ज्ञाचेच. खासगी फी परवडत नसेल तर कूपर, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. सल्ला तरी तिथे जरूर घ्यावा.

घरी काय करावे?

• बाहेर पडताना हातांच्या मागच्या बाजूला एसपीएफ 30 चे सनस्क्रीन लावावे. हात धुतल्यावर पुन्हा.
• भांडी-धुणे करताना रबरी हातमोजे घालावेत.
• हात पुसताच, ओलसर असतानाच, पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे.
• एखादा डाग वाढला, रंग बदलला, त्यातून रक्त आले किंवा जखम भरेना, तर लगेच दाखवावे.

त्या बाईंचे क्रीम मी बंद केले. कातडी सावरेल, पण सावकाश; लग्नापर्यंत पूर्ण नाही, हेही स्पष्ट सांगितले. थोड्या हिरमुसल्या, मग हसून म्हणाल्या, “चला, मेंदी आहेच!” मेंदी जरूर काढा म्हटले, फक्त ‘काळी मेंदी’ नको, तिच्यातल्या रसायनाने फोड येऊ शकतात.

वाचकहो, आपल्या घरी अशी ट्यूब असेल, तर आजच तिच्यावरची नावे वाचा. कळली नाहीत, तर ट्यूब घेऊनच आपल्या डॉक्टरांकडे जा.